नऊ रात्रींचं पथ्य

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकिकत छापली. कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान इंग्रज फौजेबरोबर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. कावसजीचं चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने काढलं. पेशवे दरबारातली माणसं रंगवणारा हाच वेल्स वेरूळलाही गेला होता. वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटनं त्याच्या मृत्यूनंतर, १८०३ साली, लंडनमध्ये प्रसिद्ध झाली.

त्या हकिकतीत कातडी कशी कापली आणि काथाचा लेप कसा लावला याच्या बरोबरीने एक साधी नोंद आहे. शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा दिवस रुग्णाला उताणं झोपवून ठेवत. कपाळाशी जोडलेला कातडीचा पट्टा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापत. नवी कातडी नव्या जागी रुजायला वेळ लागतो आणि तेवढे दिवस तिला धक्का लागता कामा नये, हे त्या कारागिराला अनुभवातून पक्कं ठाऊक होतं.

आज छत्रपती संभाजीनगरात केशरोपण करून घरी जाणाऱ्या माणसाच्या हातात सूचनांचा कागद पडतो, त्यातही हेच असतं: पाठीवर झोपा, डोकं उंच ठेवा, डोक्याला काही लागू देऊ नका. पण हे किती दिवस आणि कशासाठी, ते बहुतेक वेळा नीट समजलेलं नसतं. मग काही जण दुसऱ्याच रात्री कुशीवर वळतात, तर काही जण महिनाभर खुर्चीत बसून रात्री काढतात. दोघांचंही नुकसान होतं. झोपेच्या प्रत्येक नियमामागे एक कारण आहे आणि ते कारण संपलं की नियमही संपतो. हे कारण समजून घेतलं तर पहिल्या रात्री सावधपणे काढता येतात आणि नंतरच्या रात्री निर्धास्त झोपता येतं.

मूळ कसं धरतं

टक्कल पडताना पुढचे आणि टाळूवरचे केस जातात, पण डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस सहसा टिकतात. तिथला केस पुढे लावला तरी तो आपला मूळचा टिकाऊ स्वभाव सोडत नाही. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली हे मांडलं आणि आजचं सगळं केशरोपण त्यावरच उभं आहे. त्याआधी, १९३९ साली, जपानमध्ये डॉ. ओकुदा यांनी भाजलेल्या रुग्णांच्या व्रणांवर केसांसह कातडीचे बारीक तुकडे लावले होते.

आता एकेक केसमूळ किंवा दोन-तीन-चार केसांचा नैसर्गिक पुंजका काढून लावतात. त्यालाच ग्राफ्ट म्हणतात. मागून तो काढायच्या दोन रीती आहेत. एफयूई पद्धतीत साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक गोल सुईने एकेक ग्राफ्ट सुटा काढतात. एफयूटी पद्धतीत कातडीची लांब पट्टी काढून जखम टाके घालून बंद करतात आणि त्या पट्टीतून ग्राफ्ट वेगळे करतात. लावण्याची रीत दोन्हींत जवळपास सारखीच असते. बारीक छेद द्यायचा आणि त्यात ग्राफ्ट सरकवायचा.

कावसजीच्या नाकाला पट्ट्यातून रक्त मिळत होतं. ग्राफ्टला असा कोणताही पट्टा नसतो, तो मूळ जागेपासून पूर्ण तुटलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस तो भोवतालच्या पेशींमधून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो, आणि मग आजूबाजूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याच्याशी जोडल्या जाऊ लागतात. या काळात छेदात साकळलेल्या रक्तातल्या फायब्रिन नावाच्या चिकट धाग्यांनी तो धरून ठेवलेला असतो. वर छोटी खपली धरते.

अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट बर्नस्टीन आणि डॉ. विल्यम रॅसमन यांनी २००६ साली ही पकड तपासली. त्यांनी वेगवेगळ्या दिवशी लावलेले केस आणि त्यांवरच्या खपल्या मुद्दाम ओढून पाहिल्या. पहिले दोन दिवस नुसता केस ओढला तरी ग्राफ्ट निघत होता. सहाव्या दिवसापर्यंत तो धोका संपला. खपली चिकटलेली असताना ती ओढली, तर मात्र पाचव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट हमखास तिच्याबरोबर बाहेर येत होता. त्यानंतर हा धोका उतरत गेला आणि नवव्या दिवशी ओढूनही ग्राफ्ट निघेना.

या प्रकरणातले आकडे इथून आले आहेत. पहिल्या दोन रात्री सर्वांत नाजूक, पाचव्या रात्रीपर्यंत काटेकोर काळजी, नवव्या रात्रीपर्यंत सावधगिरी. छेद किती मोठे होते, खपली किती जाड आहे, मधुमेह किंवा धूम्रपान आहे का, यावरून डॉक्टर मुदत थोडी वाढवू शकतात, पण कमी करण्याचा निर्णय आपण आपल्या मनाने घ्यायचा नाही.

सूज आणि उतार

डोकं उंच ठेवण्यामागचं कारण वेगळं आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी कातडी बधिर करण्यासाठी आणि ती फुगवून रक्तस्राव कमी ठेवण्यासाठी टाळूत बराच द्रव टोचलेला असतो. तो पुढच्या दिवसांत हळूहळू खाली उतरतो. आधी कपाळ जड वाटतं, मग भुवया आणि पापण्या सुजतात. ही सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दिसते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वाधिक असते आणि आठवड्याभरात ओसरते. सकाळी उठल्यावर डोळा अर्धाच उघडला तर घरची माणसं घाबरतात. बहुतेक वेळा या सुजेत दुखणं नसतं आणि लावलेल्या केसांवर तिचा परिणामही होत नाही.

सपाट झोपल्यावर हा द्रव चेहऱ्यातच रेंगाळतो. पाठ आणि डोकं मिळून ३० ते ४५ अंशांच्या चढावर असलं, की तो लवकर वाहून जातो. म्हणून ही उंची साधारण पहिल्या पाच रात्री महत्त्वाची. बर्फाने शेकायचं झालं तर कापडात गुंडाळून आणि फक्त कपाळाच्या खालच्या भागावर, डॉक्टरांना विचारूनच. लावलेल्या जागेवर बर्फ ठेवायचा नाही, कारण गार पडलेल्या कातडीत रक्त कमी येतं आणि दाबही पडतो.

अंथरूण कसं घालावं

बहुतेक जण उशीवर उशी रचतात. त्याने नुसती मान पुढे वाकते, पोट दुमडतं, मध्यरात्री उशा सरकतात आणि माणूस दचकून वळतो. चढ कंबरेपासून सुरू व्हायला हवा. रुईची गादी असेल तर डोक्याकडच्या निम्म्या गादीखाली घड्या घातलेल्या रजया किंवा जुन्या गोधड्या ठेवाव्यात, म्हणजे गादीच तिरकी होते. मध्यम बांध्याच्या माणसाचे खांदे कंबरेपेक्षा साधारण ३० सेंटीमीटर म्हणजे एक फूट वर आले, की चढ ३० अंशांच्या आसपास होतो. ४५ अंशांसाठी ही उंची चाळीस-बेचाळीस सेंटीमीटर लागते. पलंगाला डोक्याकडे फळी नसेल तर अंथरूण भिंतीला लावावं, म्हणजे रजया मागे सरकत नाहीत. स्पंजाची कडक गादी वाकत नाही. तिच्यावर मागे लोड आणि पुढे उशा असा उतार रचावा, किंवा तिरक्या कापाची तयार उशी आणावी. पाठ मागे जाणारी सोफ्याची खुर्ची घरात असेल तर पहिल्या दोन-तीन रात्रींना तीही चालते.

गुडघ्यांखाली एक लोड किंवा गोल घडी केलेली चादर ठेवावी. त्यामुळे माणूस उतारावरून खाली घसरत नाही आणि कंबरेवरचा ताण कमी होतो. दोन्ही बाजूंना हातांखाली एकेक उशी ठेवली की झोपेत कुशीवर वळायला अडथळा येतो.

मानेभोवती प्रवासात वापरतात ती घोड्याच्या नालेच्या आकाराची उशी, म्हणजे नेक पिलो, फार उपयोगी पडते. ती मानेला धरते आणि डोकं डावीकडे-उजवीकडे लवंडू देत नाही. दुसरं म्हणजे, डोक्याचा मागचा भाग तिच्यावर अधांतरी राहतो. जखम तिथेही आहे. एफयूई झाली असेल तर बारीक छिद्रं असतात आणि ती काही दिवसांत मिटतात. एफयूटी झाली असेल तर टाके असतात, ते साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात आणि तोवर तिथे ताण जाणवतो. पहिल्या रात्री लावलेल्या जागेपेक्षा मागची जागाच जास्त ठणकते. तिथे मऊ उशीचा हलका टेका चालतो, पण ती घासली जाऊ नये.

उशीवर धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड घालावं. जुनं धोतर किंवा सुती साडीचा तुकडा उत्तम. टर्किश टॉवेल नको, त्याचे उभे धागे खपलीत अडकतात. कापड फिक्या रंगाचं असावं, म्हणजे रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. ते रोज बदलावं आणि उन्हात वाळवून इस्त्री करून वापरावं.

अंगात पुढून बटणं लागणारा सदरा किंवा शर्ट घालावा. टी-शर्ट आणि बनियन डोक्यावरून काढताना गळ्याची कड थेट केसांच्या नव्या रांगेवरून जाते.

हे सगळं शस्त्रक्रियेच्या आधी आठवडाभर करून पाहावं. ज्याला आयुष्यभर पालथं झोपायची सवय आहे, त्याला एका रात्रीत उताणी झोप येत नाही. आधी सराव झाला तर नाजूक रात्री सोप्या जातात.

रात्रीमागून रात्र

पहिल्या रात्री भूल उतरते आणि मागचा भाग दुखू लागतो. दुखणं वाढेपर्यंत थांबू नये, डॉक्टरांनी दिलेली गोळी सांगितलेल्या वेळी घ्यावी. घरात पडून असलेली दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ नये. ॲस्पिरिनसारख्या काही औषधांनी रक्तस्राव वाढतो, आणि हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती आपल्या मनाने बंदही करायची नाही. मागून थोडं रक्त किंवा लालसर पाणी उशीला लागणं अपेक्षित असतं. दारू आणि सिगारेट या दिवसांत पूर्ण बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि ग्राफ्टला तर रक्ताचीच गरज असते. झोपेची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तरच घ्यावी. गाढ गुंगीत माणूस वळतो आणि त्याला कळत नाही.

सूज कमी राहावी म्हणून काही डॉक्टर तीन-चार दिवसांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. या गोळ्या संध्याकाळी घेतल्या तर झोप उडू शकते, म्हणून त्या सकाळी घेता येतील का ते विचारून घ्यावं. मधुमेह असलेल्यांची साखर या गोळ्यांनी वाढते, हे आधीच बोलून ठेवावं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खाज सुटू लागते. जागेपणी हात आवरता येतो, झोपेत तो आपोआप डोक्याकडे जातो. नखं आधीच कापून ठेवावीत. फारच खाज असेल तर रात्री हातात पातळ सुती मोजे घालावेत. सलाईनचा फवारा सांगितला असेल तर झोपण्यापूर्वी मारावा, त्याने कोरडेपणा कमी होतो. खाजेवर औषध असतं, ते मागून घ्यावं.

सहाव्या रात्रीपासून चढ कमी करायला हरकत नसते. डॉक्टरांनी दाखवलेल्या पद्धतीने डोकं धुतलं असेल तर खपल्या मऊ पडून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास गळून जातात. खपल्या गेल्या आणि डॉक्टरांनी पाहून होकार दिला, की कुशीवर झोपता येतं. पालथं झोपण्यात कपाळ आणि केसांची नवी रांग थेट उशीवर घासते, म्हणून ते आणखी काही दिवस पुढे ढकलावं.

घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास असलेल्यांना उताणं झोपल्यावर तो वाढतो. चढावर झोपल्याने थोडा आराम पडतो. रात्री श्वासाचं यंत्र लावत असाल तर त्याचा पट्टा डोक्यावरून कुठून जातो ते शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना दाखवावं. यंत्र बंद करण्याचा निर्णय घरी बसून घेऊ नये.

आपल्या गावातल्या रात्री

मराठवाड्यातला उन्हाळा झोपेची परीक्षा पाहतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या राहतात. घामाने खपल्या ओल्या होतात, खाज वाढते आणि माणूस तळमळतो. निवड आपल्या हातात असेल तर हिवाळ्याचे दिवस घ्यावेत. उन्हाळ्यातच करायचं असेल तर खोली गार ठेवण्याची सोय आधी करावी.

इथे घरोघरी कूलर असतो. त्याचा झोत पायांकडून यावा, थेट डोक्यावर नको. त्यातली धूळ आणि ओलावा दोन्ही जखमेला नकोत. हंगामात पहिल्यांदा लावत असाल तर वाळ्याच्या ताट्या किंवा जाळ्या बदलून, टाकी घासून घ्यावी. टाकीतलं साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण काढून टाकी कोरडी करावी, कारण डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून पिंपात साठा करणाऱ्या घरांनी पिंपांवर घट्ट झाकण ठेवावं. मच्छरदाणी लावायची तर उंच बांधावी, आणि रात्री उठताना ती हाताने बाजूला करून मगच डोकं बाहेर काढावं. डास पळवणारं मलम टाळूला लावू नये.

गच्चीवर झोपण्याची सवय अनेकांना आहे. या नऊ रात्री ती सोडावी. वाऱ्याबरोबर धूळ येते, आणि पहाटे डोळा लागलेला असतानाच ऊन डोक्यावर येतं. नव्या कातडीला ऊन सोसत नाही.

हिवाळ्यात वेगळी सवय आड येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रजई किंवा गोधडी डोक्यावरून ओढून घेण्याची आपली रीत आहे, आणि तिची जाड शिवण खपल्यांवरून घासत जाते. पांघरूण काखेखाली घेऊन दोन्ही हात बाहेर ठेवावेत. अंगात गरम कपडे घालावेत, म्हणजे झोपेत पांघरूण वर ओढलं जाणार नाही.

लहान मुलं कुशीत झोपत असतील तर आठवडाभर त्यांचं अंथरूण वेगळं घालावं. झोपेत फिरणारा छोटासा हातही पहिल्या दोन रात्रींत ग्राफ्ट निघायला पुरेसा असतो.

जालना, बीड, परभणीकडून माणसं केशरोपणासाठी छत्रपती संभाजीनगरला येतात आणि इथले काही जण पुण्या-मुंबईला जातात. शक्य असेल तर पहिली रात्र त्याच गावात काढावी. काही बिघडलं तर डॉक्टर जवळ असतात. पुण्याहून निघून पाच-सहा तास बसमध्ये, खिडकीच्या काचेला डोकं टेकवून डुलक्या घेणं हा ग्राफ्ट गमावण्याचा सोपा मार्ग आहे. जावंच लागलं तर सोबत कुणीतरी घ्यावं, गाडीची पुढची सीट मागे कलती करावी आणि नेक पिलो लावावी. स्लीपर बसचा सपाट बर्थ टाळावा. दुचाकीला हेल्मेट लागतं आणि हेल्मेट टाळूवर घासतं, म्हणून डॉक्टर परवानगी देईपर्यंत दुचाकीच नको. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळीवर काम करणाऱ्यांनी रात्रपाळीच्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरवू नये. दिवसा तुटक झोप आणि डोक्यावर सुरक्षा टोपी, दोन्ही या काळात नकोत.

कोणत्या लक्षणांवर झोपून राहू नये

मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका उद्योजकाचा केशरोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. त्यांच्या डोक्यावर एकाच बैठकीत हजारो ग्राफ्ट लावले होते. नंतर चेहरा आणि घसा सुजला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला आणि ॲलर्जीच्या तीव्र प्रतिक्रियेची शंका घेतली गेली. दिल्लीतल्या अशाच एका मृत्यूनंतर प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. केशरोपण हे त्याचं रीतसर शल्यशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावं, एखादी कार्यशाळा किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहणं हे शिक्षण नव्हे, असं त्यांत स्पष्ट आहे. डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी पाहून घेणं हा सुरक्षित झोपेचा पहिला भाग आहे.

असे मृत्यू दुर्मीळ आहेत, पण साधी सूज आणि धोक्याची सूज यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. कपाळावरून पापण्यांवर हळूहळू उतरणारी, न दुखणारी सूज सहसा साधी. ओठ, जीभ किंवा घसा सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं, घरघर, चक्कर ही तातडीची लक्षणं. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करावा, किंवा घाटी रुग्णालयाचा अथवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.

रक्त थांबत नसेल तर मागच्या भागावर स्वच्छ गॉजचा हलका, सलग दाब पंधरा-वीस मिनिटं द्यावा. तरीही वाहत राहिलं तर डॉक्टरांना फोन करावा. लावलेल्या जागेवर ताजं रक्त आलं आणि उशीवर केसासकट मांसल कण दिसला, तर तो ग्राफ्ट निघाल्याची शक्यता असते. तो स्वतः परत बसवू नये, लगेच डॉक्टरांशी बोलावं. ताप, पू, पसरत जाणारी लाली आणि दिवसागणिक वाढणारं दुखणं ही संसर्गाची चिन्हं आहेत.

उशीवरचे केस

दोन-तीन आठवड्यांनी उशीवर लावलेलेच केस पडलेले दिसतात आणि माणसाचा धीर सुटतो. यात काही बिघडलेलं नसतं. रोपणाच्या धक्क्याने केसमूळ विश्रांतीच्या अवस्थेत जातं आणि वरचा केस सोडून देतं. मूळ कातडीखाली शाबूत असतं. नवा केस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवू लागतो आणि खरा परिणाम दिसायला नऊ ते बारा महिने जातात. या गळतीचा झोपण्याच्या स्थितीशी संबंध नाही, म्हणून ती पाहून पुन्हा खुर्चीत झोपायला जाण्याची गरज नाही.

दवाखान्यातून निघताना कागदावरच्या प्रत्येक सूचनेपुढे एक तारीख लिहून घ्यावी. उंच डोकं कधीपर्यंत, उताणं कधीपर्यंत, कुशीवर कधीपासून, हेल्मेट कधीपासून, आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा. जे डॉक्टर हे पाच प्रश्न शांतपणे, मराठीत, घरच्यांसमोर सोडवून देतात, त्यांच्याकडचा रुग्ण पहिल्या नऊ रात्री नेटाने पाळतो आणि दहाव्या रात्रीपासून भीती बाजूला ठेवू शकतो. बऱ्या होणाऱ्या शरीराला सावधगिरीइतकीच पुरेशी झोपही लागते, आणि मुदत माहीत असलेल्या माणसालाच ती मिळते.